पदवीच्या दिवशीची सही

खलबत्त्यात वेलदोडा टचकन फुटला, तेव्हा कुठे खोलीतली शांतता मोडली.

त्याआधी नाना, माझे वडील, बोलले होते. पहिल्या एसटीने ते गावाहून आले होते. खाटेच्या कडेला बसून चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "आक्का, समारंभ बारापर्यंत उरकंल. मग हितंच जेवू, आणि तीनला जरा रजिस्टर हापिसात जाऊन येऊ. तुझी एक सही लागती."

आत्या जमिनीवर खलबत्ता घेऊन बसली होती. बत्ता तिने वर उचललेला होता, तो तसाच राहिला. मी आरशापुढे पांढऱ्या साडीच्या निऱ्या घालत होते. आत्याची सात वर्षांची नात ईश्वरी माझा काळा कोट अंगात घालून उभी होती. कोट तिच्या घोट्यापर्यंत आला होता. मग बत्ता खाली आला आणि वेलदोडा फुटला.

"कसली सही?" आत्याने विचारलं.

"हक्कसोडीची गं. आपल्या आबांच्या शेताची. उताऱ्यावर तुझं नि माझं दोघांचं नाव लागलंय न्हवं? ते एक करून टाकायचं. सगळ्याच बहिणी करत्यात."

"आजच?"

"आज सगळी हितं हाईत. परत कोण फेऱ्या मारत बसणार? आन आज घरात वकील हाय. यापेक्षा चांगला दिवस कुठला?"

आत्याने वेलदोड्याची सालं निवडून बाजूला ठेवली. "श्रीखंडात जायफळ घालू का रे नाना? तुला चालतं का अजून?"

"घाल की," नाना म्हणाले. विषय तिथे संपला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. माझी लेक दुपारची तासभर झोपते, तेवढ्यात हे लिहून काढते आहे. त्या दिवसातलं बरंचसं मला जसंच्या तसं आठवतं. कोण कुठे बसलं होतं, कुणाच्या हातात काय होतं, सगळं.

मी बारावीत असताना आई गेली. नाना साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते, हंगामात दिवसपाळी-रातपाळी दोन्ही करायचे. मला वकील व्हायचं होतं, आणि कॉलेज होतं तालुक्याला. नाना मला घेऊन आत्याकडे आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "आक्का, हिला पाच वर्षं ठेवून घे." आत्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत जाऊन दुसरी भाकरी थापायला घेतली. एवढंच. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी चाकणला कंपनीत, म्हणून नात आजीकडे. पाच वर्षं मी आतल्या खोलीत अभ्यास केला आणि त्या दोघी बाहेरच्या खोलीत, दिवा माझ्या डोळ्यांवर येऊ नये अशा बेताने वावरल्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या दिवाळीत घरमालकाने आत्याला चैत्रापर्यंत खोल्या सोडायला सांगितलं होतं. भाऊबीजेला नाना आले तेव्हा ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "नाना, मला शेतातली दोन गुंठे जागा दे. रस्त्याकडेला, लिंबाजवळ. एक खोली बांधते. पोरीला घेऊन राहीन."

"देऊ की," नाना म्हणाले होते. "तुला न्हाई म्हणतोय व्हय मी?"

मी तिथेच होते. करंज्या खात होते.

*

समारंभात नाना पुढून तिसऱ्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गांधी टोपी, हातात कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा. ते प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होते. एका मुलाच्या नावाला तर उभे राहिले. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमचा मुलगा?"

"न्हाई हो," नाना म्हणाले, "पर आईबापाला बरं वाटंल."

माझं नाव आलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावून बसले होते. खाली आल्यावर पाहिलं तर झाकण काढायचंच राहिलं होतं. "फोटू आला का गं?" आत्याने विचारलं. "अंधार आला," नाना म्हणाले, आणि इतके हसले की डोळे पुसायला टोपी काढावी लागली.

पदवीची फाईल त्यांनी माझ्या हातातून घेतली, तळव्यावर ठेवली आणि काट्यावरच्या सवयीने वरखाली करून पाहिली. "पावशेर बी न्हाई भरायची. आन ह्याला पाच वर्षं?"

"वजनकाटा बिघडलाय तुझा," आत्या म्हणाली. तिने फाईल त्यांच्याकडून काढून घेतली, पदराने पुसली आणि छातीशी धरली. घरी जाईपर्यंत तिने ती कुणाला दिली नाही. रिक्षात ईश्वरीने मागितली तर म्हणाली, "घरी गेल्यावर. हात चिकट आहेत तुझे."

जेवायला श्रीखंड-पुरी होती, बटाट्याची भाजी, मठ्ठा. नानांनी पिशवीतून दोन पुड्या काढल्या. एकीत माझ्यासाठी पेन होतं, सोनेरी टोपणाचं. दुसरीत हिरवी साडी, खण आणि नारळ. त्यांनी मला उठवलं. "वृषा, आत्याची ओटी भर. पाच वर्षं जेवायला घातलंय तिनं."

मी ओटी भरली. आत्याने साडीचा पदर उलगडून पाहिला. "भारीतली आणलीस रे."

"मग? बहिणीला देताना हात आखडायचा व्हय?"

आमच्या भागात हक्कसोड करणाऱ्या बहिणीला भाऊ साडीचोळी करतो, हे मला ठाऊक होतं. आत्यालाही ठाऊक असणार. साडी तिने पुन्हा घडीवर घडी घालून ठेवली आणि नानांच्या ताटात आणखी एक पुरी टाकली.

मग नानांनी दारामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. सकाळी येताना ते घेऊन आले होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते. सुतळी सोडली. पत्र्याचा बोर्ड होता. पांढऱ्यावर निळी अक्षरं. ॲड. वृषाली हिंदुराव जगदाळे, बी.एस.एल., एलएल.बी.

"नाना, अजून सनद मिळायची आहे," मी म्हटलं. "त्याआधी ॲड. लावता येत नाही."

"येऊ दे की सनद. तवर रंग वाळंल."

ईश्वरीने बोटाने अक्षरं गिरवली. आत्याने विचारलं, "कुठं लावणार बोर्ड?"

"शेतात, रस्त्याकडच्या तुकड्यात. दोन गाळे काढायचे. एकात हिचं हापिस, दुसरा भाड्यानं. समदी वाट तिथनंच जाती. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दिसलं पायजे." ते माझ्याकडे बघत बोलत होते. "तुझ्या आईला दावायचं व्हतं गं हे."

"रस्त्याकडचा म्हणजे लिंबाजवळचा?" आत्या म्हणाली.

"त्योच."

आत्याने मठ्ठ्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "घे गं. तिखट नाही आज."

मला वाटलं होतं की ती आता दोन गुंठ्यांचं काढेल. ती काढणार नाही असं दिसल्यावर मला वाटलं, मी काढावं. नानांच्या मिशीला श्रीखंड लागलं होतं. मी मठ्ठा प्यायले.

*

दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लांब बाक होता. दस्तलेखक शिंगटे तिथेच टेबल टाकून बसायचे. कागद तयार होता. नानांनी आठ दिवसांपूर्वीच करून ठेवला होता. शिंगटे म्हणाले, "बाई, वाचून दाखवतो, मग आत जाऊ."

"तुम्ही कशाला?" नाना म्हणाले. "आमची वकीलीणबाई हाय की. वाच गं वृषा. कोट घाल आधी."

"नाना, उकडतंय."

"पाच मिनिटं घाल. लोकांना कळू दे."

मी कोट घातला आणि वाचलं. बाकावरची दुसऱ्या कामाला आलेली माणसंही ऐकायला लागली. गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र. मग पुढे: सदर मिळकतीमध्ये वारसाहक्काने मला प्राप्त झालेला हक्क, हिस्सा व हितसंबंध मी माझे बंधू यांचे लाभात, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने व राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय कायमचा सोडून देत आहे. माझा आवाज चांगला होता. कॉलेजात मी वक्तृत्वात बक्षिसं घेतलेली.

वाचून झाल्यावर आत्याने विचारलं, "म्हणजे कसं गं?"

"म्हणजे शेत नानांच्या नावावर होणार."

"आणि माझं नाव?"

"कमी होणार."

"बरं." तिने पदर खांद्यावर नीट घेतला. "आणि मी सही नाही केली तर काय होतं?"

हा प्रश्न तिने मला विचारला होता. नानांना नाही, शिंगट्यांना नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. स्टेशनरीच्या दुकानात वहीची किंमत विचारावी तसं तिने विचारलं.

उत्तर सोपं होतं. काही होत नाही आत्या, निम्मं शेत तुझं आहे आणि तुझंच राहतं. दहा-बारा शब्द.

"काय व्हायचंय?" नाना हसले. "पोरीचं हापिस अडतंय, दुसरं काय! आक्का, तू बी लई वकिली प्रश्न विचारायला लागलीस. हिच्या संगतीचा परिणाम."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. मी कागदाचं पान उलटलं. मागच्या बाजूला काही नव्हतं.

आत बोलावलं. निबंधक मॅडम चाळिशीच्या होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी आत्याला खुर्चीवर बसवलं, छोट्या कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. ईश्वरीला टेबलावरच्या अंगठा घ्यायच्या यंत्राचा लाल दिवा बघायचा होता, म्हणून ती आत्याच्या मांडीला चिकटून उभी राहिली.

"आजी, कागदात काय लिहिलंय माहीत आहे ना? तुमच्या मर्जीने करताय?"

"हिनं वाचलंय," आत्या म्हणाली आणि तिने माझ्याकडे हात केला.

मॅडमनी वर पाहिलं. "तुम्ही वकील?"

"आजच झाली!" नाना मागून म्हणाले. "सकाळीच डिग्री घेतली. माझी मुलगी."

"अरे वा. अभिनंदन." मॅडम मनापासून हसल्या. मग पुन्हा कागदाकडे वळल्या. "नुसतं वाचून नाही चालत हां. यांचा हक्क काय आहे, तो सोडला तर पुढे काय, हे सगळं समजावून सांगितलंत ना यांना?"

नानांची टोपी त्यांच्या हातात होती. ते ती गोल गोल फिरवत होते. मला त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. टोपी फिरते आहे हे मला न बघता कळत होतं. आत्या कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. क्लार्क म्हणाला, "आजी, समोर बघा. फोटो हलतोय."

"हो," मी म्हणाले. "सांगितलंय."

आत्याने समोर बघितलं. फोटो निघाला. मग तिने अंगठा टेकवला, आणि मग पेन घेऊन एकेक अक्षर सुटं काढत सही केली. चौथी शिकलेली होती ती. सही करताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात येत असे, तशी आली.

ओळखदार म्हणून माझी सही हवी होती. नानांनी नवं पेन पुढे केलं. "ह्यानंच कर. आन नावाम्होरं डिग्री लिही."

मी लिहिली. त्या पेनने आणि त्या नावाने केलेली ती माझी पहिली सही.

त्या गाळ्यात मी नंतर तीन वर्षं बसले. लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दिसायचं.

*

नाना शिंगट्यांना पेढे द्यायला गेले. शिंगट्यांना, मग टेबलावरच्या दुसऱ्या लेखकांना, मग कॅन्टीनवाल्याला. लांबून त्यांचा आवाज येत होता, "माझी मुलगी, होय, जगदाळ्यांची." आम्ही तिघी समोरच्या रसाच्या गुऱ्हाळात बसलो. ईश्वरीला बर्फ घातलेला रस हवा होता, आत्या नको म्हणत होती, मग हो म्हणाली.

गुऱ्हाळाच्या चरकाला घुंगरं बांधलेली होती. तो थांबल्यावर आत्या म्हणाली, "कोट काढ आता. घामेजलीस."

मी कोट काढला. तिने तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, अस्तर बाहेर काढून बाकाच्या पाठीवर वाळत टाकला.

"मुलीला मुलाइतकाच हिस्सा," ती म्हणाली. "आईबाप कागद न करता गेले तर. लग्न झालेलं असो नसो."

मी तिच्याकडे बघितलं.

"तू घोकायचीस की पहाटे. आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत. मी भाकऱ्या थापायचे. कानावर पडायचंच." ती थोडी हसली. "इंग्रजीतलं नाही समजायचं. पण तू मग मराठीत बोलून बघायचीस ना, परीक्षेला समजलंय का ते. तेव्हा समजायचं."

"आत्या, मग तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सही का केलीस?"

रसवाल्याने तीन ग्लास आणून ठेवले. आत्याने एकातला बर्फ चमच्याने काढला, तो ईश्वरीच्या ग्लासात टाकला आणि बिनबर्फाचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. मला थंड चालत नसे. टॉन्सिल सुजायचे.

"नानाला मीच अंगाखांद्यावर वाढवला," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर कायदा मी नसता काढला. मला नाही जमत. मला वाटलं, तू सांगशील." तिने ग्लासाच्या बाहेरून ओघळलेला रस बोटाने पुसला. "तू सांगितलं असतंस तर मी नसती केली सही. बाहेर विचारलं तुला. आत त्या बाईंनी विचारलं. दोनदा थांबले मी."

"आपण अजून—" मी बोलायला लागले. अजून काय करता येईल ते मला पाठ होतं. कुठे अर्ज करायचा, काय कारण द्यायचं.

"नको." तिने मान हलवली. "आज नको. आज त्याचा दिवस आहे. बघ की कसा हिंडतोय. तुझी आई गेल्यापासून असा हसलेला बघितला नव्हता मी." मग रसाचा एक घोट घेऊन म्हणाली, "चैत्रापर्यंत खोली बघायला लागेल कुठंतरी. शाळेच्या बाजूला मिळाली तर बरं. हिला रस्ता क्रॉस करायला नको."

ती हे सगळं जेवताना मीठ मागावं अशा आवाजात बोलली. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. रस गोड होता, त्यात आलं जास्त झालं होतं, हे आठवतं.

रस्त्यापलीकडून नानांनी हात केला. एका म्हाताऱ्या वकिलांना त्यांनी धरून आणलं होतं. त्यांच्याशी माझी ओळख करून द्यायची होती. "ये की वृषा!" ते ओरडले. "साहेब म्हणत्यात, ज्युनिअर म्हणून घेतो!"

"जा," आत्या म्हणाली. "वाट बघतोय तो. कोट घालून जा."

मी उठले. कोट ओलाच होता. मी एक हात बाहीत घातला, दुसरी बाही मागे लोंबत राहिली. ईश्वरीने उठून ती माझ्यासाठी वर धरली. तिच्या ओठांवर रसाची मिशी उमटली होती. इतका वेळ ती बर्फ चघळत होती, आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती, आणि आता बाही धरून तिने अगदी शांतपणे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,

"मावशी, मग आज तू कुणाची वकील होतीस?"